घराचा माळा : किती ठेवावे, कसे ठेवावे

घर बांधताना किंवा विकत घेताना प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी काळजीपूर्वक मोजली जाते. स्वयंपाकघरात ओटा कोठे येईल, देवघर कोणत्या भिंतीला असेल, कपाटाचे दार कोणत्या बाजूस उघडेल, यावर घरातील लहानथोर आपापले मत देतात. माळ्याविषयी मात्र कोणी फारसे विचारीत नाही. तो असावा, मोठा असावा, एवढीच अपेक्षा असते. पुढील वीस-पंचवीस वर्षे घरातील जी वस्तू वापरातून जाते पण मनातून जात नाही, ती तेथे चढते. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, मुलांचा पाळणा, लेकीच्या रुखवतातील उरलेली भांडी, आजोबांची पत्र्याची ट्रंक, जुन्या वह्या, पाहुण्यांच्या गाद्या, टीव्हीचे रिकामे खोके, असा सारा संसार डोक्याच्या वर, दृष्टीच्या आड जमत राहतो.

दृष्टीआड झालेल्या वस्तूकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे. माळ्याच्या बाबतीत हे दुर्लक्ष महागात पडू शकते, कारण तेथील वजनाखाली घरातील माणसे वावरत असतात. ज्या खोलीच्या माळ्यावर पुस्तकांची खोकी रचलेली असतात, त्याच खोलीत नातवंडांची गादी घातलेली असते. जी ट्रंक काढण्यासाठी सत्तरीतील आजी खुर्चीवर स्टूल ठेवून चढते, त्या ट्रंकेतील कागद बहुधा कसरीने खाल्लेले असतात. म्हणून माळा सुरक्षित करणे या गोष्टीला दोन बाजू आहेत. माळ्यावरील वस्तू सुरक्षित राहिल्या पाहिजेत, आणि त्या वस्तूंपासून माणसेही सुरक्षित राहिली पाहिजेत. दुसरी बाजू पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, हे लक्षात ठेवून पुढील विचार करावयाचा आहे.

माळ्याचे प्रकार

सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातील जुन्या घरांत माळा हे घराचे कोठार होते. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या कड्या आणि वर फळ्या घातलेला हा माळा खोलीएवढा रुंद असे. शाळूची पोती, भुईमुगाच्या शेंगा, वाळवणाच्या बुट्ट्या, कांद्या-लसणाच्या माळा तेथे ठेवल्या जात. कौलांच्या फटींतून वारा खेळे, खाली चुलीचा धूर वर चढे आणि त्यामुळे लाकूड व धान्य दोन्ही कोरडी राहत. वर जाण्यासाठी भिंतीला पक्का लाकडी जिना किंवा शिडी कायमची लावलेली असे. वर्षातून कित्येकदा माळ्यावर जाणे-येणे होत असल्यामुळे तेथे काय आहे, किती आहे, हे घरातील कर्त्या स्त्रीला तोंडपाठ असे.

आजच्या सदनिकेतील माळा अगदी वेगळा आहे. दाराच्या चौकटीच्या वर, जमिनीपासून साधारण सात फुटांवर, भिंतीतून पुढे आलेली दोन फूट रुंदीची काँक्रीटची पातळ लादी म्हणजे हा माळा. त्याच्यावर छतापर्यंत दोन-अडीच फुटांची मोकळी जागा असते. तेथे वारा नाही, धूर नाही, उजेड नाही आणि वर जाण्यास कायमची शिडीही नाही. तिसरा प्रकार म्हणजे सुताराकडून प्लायवुडचा किंवा लोखंडी चौकटीवर नंतर करवून घेतलेला माळा. चौथा न्हाणीघरावरचा. तेथे बहुतेक ठिकाणी पाण्याची टाकी आणि नळाची जोडणी असते.

या चारही माळ्यांना आपण एकच शब्द वापरतो आणि चारहींवर सारखेच सामान चढवतो. गफलत येथेच होते. जुन्या माळ्याची सवय नव्या माळ्याला लावली की भार, ओल आणि चढउतार या तिन्ही बाबतींत हिशेब चुकतो.

भाराचा हिशेब

राहत्या घराच्या खोल्यांतील जमिनीवर माणसे व सामान मिळून किती भार धरावा, याचे भारतीय मानक ठरलेले आहे. ते दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, म्हणजे दर चौरस फुटाला साधारण साडेअठरा किलो आहे. हा आकडा खोलीच्या मुख्य स्लॅबसाठी आहे. माळ्याची लादी त्याहून पातळ असते, तिच्यातील सळ्या कमी असतात, आणि बांधकामाच्या वेळी तिच्याकडे मुख्य स्लॅबइतके लक्ष दिले गेले असेलच असे नाही. तीन इंच जाडीच्या काँक्रीटला दर चौरस फुटास स्वतःचेच वजन सुमारे १७ किलो असते. तेवढा भार ती लादी रिकामी असतानाही रात्रंदिवस पेलत असते.

समजा, एका खोलीतील माळा आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ १६ चौरस फूट झाले. खोलीच्या मानकाने पाहिले तर सुमारे ३०० किलो होतात. सावधगिरी म्हणून याच्या निम्मे, म्हणजे १५० किलो, ही आपल्या घरापुरती मर्यादा धरून चालू. आता जमेची बाजू पाहावी. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच खोक्यात पुस्तके ठासून भरली तर त्याचे वजन सुमारे २० किलो होते. अशी चार खोकी म्हणजे ८० किलो. कपड्यांनी भरलेल्या दोन ट्रंका प्रत्येकी २५ किलो धरल्या तर ५० किलो. पितळी भांड्यांचे एक पोते ३० किलो. बेरीज १६० झाली आणि मर्यादा ओलांडली गेली. गाद्या, पाळणा, रिकामी खोकी यांचा हिशेब अजून झालेलाच नाही. त्यातच सामान काढण्यासाठी एखादा माणूस वर चढून बसला तर त्याचे ६०-६५ किलो आणखी वाढले.

या हिशेबातून दोन नियम आपोआप निघतात. पहिला असा की कागद आणि धातू या जड वस्तू माळ्यावर शक्यतो ठेवू नयेत. कपाटाचा खालचा कप्पा, पलंगाखालची पेटी ही त्यांची जागा. माळा हलक्या पण मोठ्या वस्तूंसाठी आहे. उश्या, रजया, वेताच्या टोपल्या, प्रवासाच्या रिकाम्या बॅगा, आकाशकंदिलाचा सांगाडा, हे त्याचे खरे मानकरी. दुसरा नियम असा की सदनिकेतील माळ्यावर माणसाने चढून बसू नये. काम शिडीवर उभे राहूनच करावे.

भार किती, याइतकेच तो कोठे ठेवला हेही महत्त्वाचे असते. पुष्कळ माळे केवळ एका बाजूने भिंतीत धरलेले असून त्यांची पुढची कड मोकळी असते. अशा लादीवर भिंतीपासून एक फुटावर २० किलो ठेवले आणि तेच २० किलो दोन फुटांवर, कडेला ठेवले, तर भिंतीशी येणारा ताण दुसऱ्या वेळी दुप्पट होतो. वजनदार वस्तू भिंतीच्या बाजूला आणि हलक्या वस्तू कडेला, असा क्रम म्हणूनच ठेवावा. प्रत्यक्षात याच्या उलट घडते. जड पेटी आत ढकलणे कष्टाचे असल्याने ती कडेलाच राहते आणि उश्या आत जातात.

लादीची काही लक्षणे वेळीच ओळखता आली पाहिजेत. भिंत आणि माळा जेथे जुळतात तेथे वरच्या बाजूस लांब तडा दिसणे, खालच्या पृष्ठभागावर तांबूस गंजाचे डाग उमटणे, गिलाव्याचे पोपडे पडणे, बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येणे, ही ती लक्षणे होत. आतील सळी गंजली की फुगते आणि बाहेरील काँक्रीट फोडते. अशा वेळी वरून रंग देऊन डाग झाकू नये. प्रथम माळा रिकामा करावा, त्याखाली कोणाची झोपण्याची जागा असल्यास ती हलवावी आणि बांधकाम अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. वातानुकूलन यंत्राची नळी किंवा विजेची तार नेण्यासाठी माळ्याच्या लादीला भोक पाडण्यापूर्वीही त्याचाच सल्ला घ्यावा, कारण त्या भोकात सळी तुटू शकते.

प्लायवुडच्या माळ्यास वेगळी काळजी लागते. आठ बाय चार फुटांची १८ मिलीमीटर जाडीची फळी स्वतःच ३५ किलोच्या आसपास भरते. तिला खालून चौकटीचा आधार जवळजवळ हवा. आधारांतील अंतर वाढले की फळी हळूहळू मध्ये झोल घेते. चौकट भिंतीत पक्क्या अँकर बोल्टने बसवावी. लाकडी खुंटीत मारलेल्या स्क्रूवर माळा टांगू नये. न्हाणीघरावर ५०० लिटरची टाकी असल्यास ती भरल्यावर पाण्याचेच वजन ५०० किलो होते. तेथे शेजारी आणखी सामान ठेवण्याचा विचारही करू नये.

चढणे आणि उतरणे

वयस्कर माणसाचे घरात पडणे ही किरकोळ घटना नव्हे. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया, अंथरूण आणि परावलंबन यांची मालिका सुरू होते, आणि कित्येकांना पूर्वीची हालचाल परत मिळत नाही. एवढा धोका पत्करून वर चढावे, अशी वस्तू कोणत्याही माळ्यावर नसते. साठी ओलांडलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी माळ्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. त्यात कमीपणा नाही.

जे चढणार, त्यांच्यासाठी घरात एक चांगली घडीची शिडी असणे हा अनावश्यक खर्च नव्हे. प्लास्टिकचे स्टूल, फिरती खुर्ची, पलंगावर ठेवलेली पेटी आणि टेबलावर ठेवलेली खुर्ची ही चढण्याची साधने नाहीत. घडीची शिडी पूर्ण उघडून, तिची मधली कडी बसली आहे याची खात्री करून मगच पाय ठेवावा. भिंतीला टेकवायची शिडी असेल तर उंचीच्या चार फुटांमागे एक फूट या प्रमाणात तिचा पाया भिंतीपासून दूर असावा. माळा सात फुटांवर असेल तर पाया सुमारे पावणेदोन फूट दूर येतो. चढताना दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय, असे तीन आधार सदैव शिडीवर असावेत. अर्थात दोन्ही हातांत खोके धरून उतरणे या नियमात बसत नाही. खालच्या माणसाच्या हाती खोके द्यावे आणि मग मोकळ्या हातांनी उतरावे. शिडी धरणारा दुसरा माणूस घरात नसेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावे.

छताचा पंखा हा माळ्याच्या कामातील विसरला जाणारा शत्रू आहे. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाचे डोके आणि पाती एकाच उंचीला येतात. काम सुरू करण्यापूर्वी पंखा बंद करावा आणि त्याच्या बटणावर कागदाची चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे दुसरे कोणी अनवधानाने तो लावणार नाही. ॲल्युमिनियमच्या शिडीतून वीज वाहते, म्हणून उघड्या तारा, गिझरची जोडणी यांच्याजवळ ती लावू नये.

माळ्याच्या पुढच्या कडेला तीन-चार इंच उंचीची लाकडी पट्टी बसवून घेतली तर वस्तू घसरून खाली पडत नाहीत. एका खोक्याचे वजन आठ-दहा किलोंहून अधिक नसावे. जे ओझे खांद्याच्या वर धरून सहज खाली देता येत नाही, ते वर गेलेच नाही पाहिजे. गॅसचे सिलिंडर, रॉकेल, रंगाचे थिनर, फटाके, इन्व्हर्टरची बॅटरी यांना माळ्यावर मुळीच थारा देऊ नये. छताजवळ उष्णता साठते आणि तेथे लागलेली आग लवकर लक्षातही येत नाही.

ओल, कसर आणि वाळवी

हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागद, कापड, कातडे आणि लाकूड यांवर बुरशी धरते. कोकणात आणि घाटमाथ्याच्या परिसरात पावसाळाभर आर्द्रता त्याहून पुष्कळ अधिक असते. बंद माळ्यात वारा नसल्याने ती ओल पावसाळा संपल्यावरही रेंगाळते. म्हणून माळ्याला पूर्ण बंद दारे लावण्यापेक्षा जाळीची किंवा झडपेची दारे लावावीत. सामान भिंतीला चिकटवून ठेवू नये. दोन इंचांची मोकळी जागा सोडली तर वारा फिरतो, आणि भिंतीवरून वाळवीने मातीची नळी चढवली तर ती ताबडतोब दिसते. पेट्यांखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे वरच्या मजल्यावरून पाणी झिरपले तरी पेटीचा तळ भिजणार नाही.

पुठ्ठ्याचे खोके स्वस्त असते, पण ओल शोषून घेते आणि कसर व झुरळ यांना त्याच्या घड्यांत आसरा मिळतो. त्याऐवजी झाकणाचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे चांगले. आत काय आहे ते न उघडता दिसते. मात्र हवाबंद डब्यात किंचित दमट कपडा ठेवला तरी तोच ओलावा आत कोंडला जातो आणि बुरशी धरते. कडक उन्हात वाळवून, पूर्ण थंड झाल्यावरच वस्तू आत ठेवावी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास त्या अधूनमधून वाळवून पुन्हा वापरता येतात.

किडे झाल्यावर विषारी फवारा मारण्यापेक्षा ते होऊच नयेत अशी व्यवस्था करणे शहाणपणाचे, आणि कोणत्याही जीवाला इजा न व्हावी असे वाटणाऱ्या घराला तर तेच शोभणारे. कोरडेपणा, स्वच्छता आणि हालचाल या तीन गोष्टी असल्या की कसर टिकत नाही. खाद्यपदार्थांचे कण, तेलकट डाग असलेले कपडे आणि कांजी केलेली वस्त्रे तिला आमंत्रण देतात. जुन्या घरांत पुस्तकांत व कपड्यांत वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवण्याची रीत होती. ती आजही चालू ठेवावी. पाने पूर्ण वाळलेली असावीत आणि दर काही महिन्यांनी बदलावीत.

डांबरगोळ्यांविषयी एक सूचना प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. काही डांबरगोळ्यांत नॅफ्थलीन असते. काही बालकांच्या रक्तात जन्मतः एका विकराची उणीव असते. अशा बालकाला नॅफ्थलीनच्या वासातून रक्तपेशी फुटण्याचा गंभीर विकार जडू शकतो. ही उणीव आधी कळलेली असतेच असे नाही. त्यामुळे बाळाची दुपटी, अंगडी-टोपडी, पाळण्यातील गादी यांत डांबरगोळ्या कधीही घालू नयेत. माळ्यावरून काढलेले बाळाचे कपडे धुऊन, उन्हात वाळवूनच वापरावेत. कापूरही पोटात गेल्यास विषारी असतो, म्हणून तो मुलांच्या हाती लागू देऊ नये.

जरीच्या साड्या माळ्यावर ठेवण्याऐवजी कपाटात ठेवणे उत्तम. जागेअभावी ठेवावयाच्याच असतील तर धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळाव्यात, वर्तमानपत्रात नव्हे. वर्षातून दोनदा घडी बदलावी, म्हणजे एकाच ठिकाणी रेशीम चिरत नाही.

उंदीर, वटवाघूळ किंवा पारवे यांचा वावर असलेला जुना माळा साफ करताना कोरडा झाडू मारू नये. त्यांच्या विष्ठेची धूळ श्वासात जाणे अपायकारक असते. नाकातोंडावर घट्ट मुखपट्टी व हातमोजे घालावेत, पाणी शिंपडून मळ ओला करावा आणि मग फडक्याने पुसून घ्यावा.

वर्षातील दोन पंचमी

माळा किती वेळा उतरवावा, याचे उत्तर आपल्या पंचांगातच आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, दिगंबर मंदिरांत आणि घरांत शास्त्रग्रंथ बाहेर काढून झटकले जातात व त्यांना नवी वेष्टने घातली जातात. कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, श्वेतांबर समाजात ज्ञानभांडारांतील ग्रंथांची अशीच देखभाल होते. पहिली पंचमी मृगाच्या पावसाच्या तोंडावर येते, दुसरी पावसाळा सरून हवा कोरडी झाल्यावर. ताडपत्रे आणि हस्तलिखिते शतकानुशतके टिकली, त्यामागे भक्तीबरोबर ही नियमित हाताळणीही होती. बंद पेटीत पडून राहिलेला ग्रंथ कसरीच्या वाट्याला जातो. वरचेवर उघडला जाणारा ग्रंथ वाचतो.

घरच्या माळ्यालाही हाच नेम लावावा. श्रुतपंचमीच्या आधी कौले शाकारून घ्यावीत, गळती पाहावी, नाजूक वस्तू खाली आणाव्यात. ज्ञानपंचमीच्या सुमारास सारे सामान उतरवून, उन्हे दाखवून, माळा पुसून पुन्हा लावावे. दिवाळीच्या साफसफाईला जोडून हे काम सहज होते.

महापुराचा धडा

कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांच्या काठच्या घरांना माळ्याचे महत्त्व वेगळ्याच रीतीने कळले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर चढली, तेथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पूर आला. अशा वेळी खालच्या मजल्यावरील कुटुंबे हाती येईल ते माळ्यावर टाकतात. पाणी सात फुटांपर्यंत न आल्यास ते वाचते, आल्यास तेही जाते.

पूरप्रवण भागातील घराने आपल्या भिंतीवर मागील पुराच्या पाण्याची खूण कायम ठेवावी आणि माळा तिच्या वर आहे की खाली, हे प्रथम पाहावे. पावसाळ्यात माळ्याचा काही भाग मुद्दाम रिकामा ठेवावा. आधीच भरलेल्या माळ्यावर ऐनवेळी धान्याची पोती आणि मिक्सर चढवले तर भाराचा सारा हिशेब कोसळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माळ्यावर वस्तू ठेवाव्यात, माणसांनी तेथे आसरा घेऊन पाणी ओसरण्याची वाट पाहू नये. स्थलांतराची सूचना मिळताच घर सोडावे.

महत्त्वाची कागदपत्रे माळ्यावर नसावीतच. खरेदीखत, मृत्युपत्र, विमा पॉलिसी, ठेवींच्या पावत्या, शैक्षणिक प्रमाणपत्रे एका जलरोधक पिशवीत, घराबाहेर पडताना हाताशी येईल अशा जागी ठेवावीत. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये शासकीय यंत्रणांनी दिलेली प्रमाणपत्रे ठेवता येतात आणि ती मूळ कागदाच्या बरोबरीने ग्राह्य धरली जातात. नोंदणीकृत खरेदीखत नष्ट झाल्यास दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळते. त्यासाठी दस्त क्रमांक व वर्ष एका वहीत वेगळे लिहून ठेवावे.

दागिने माळ्यावरील डब्यात लपवण्याची जुनी सवय सोडून द्यावी. बँकेतील लॉकर अधिक सुरक्षित, पण त्याचीही मर्यादा जाणून घ्यावी. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर ते येत नाही. घराचा विमा हा त्यासाठी आणखी एक आधार आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पुराचा समावेश आहे. इमारतीचा विमा घेतल्यास घरातील सर्वसाधारण वस्तूंना इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, मात्र कमाल १० लाख रुपये, इतके संरक्षण आपोआप मिळते. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. वस्तूंची यादी आणि छायाचित्रे असतील तर दावा करणे सोपे जाते.

माळ्याची वही

बँकेच्या तिजोरीची खोली दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असते. एकाकडील किल्लीने ती उघडत नाही. आत काय आहे याची नोंद असते आणि ठरलेल्या काळाने पडताळणी होते. घराच्या माळ्याला इतका कडक शिस्तीचा पहारा नको, पण त्यातील तत्त्व उपयोगी आहे. माळ्यावर काय आहे, हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे.

त्यासाठी दोनशे पानी साधी वही पुरते. डब्याचा क्रमांक, त्यातील वस्तू, अंदाजे वजन, वर ठेवल्याची तारीख आणि खाली काढल्याची तारीख, असे पाच रकाने आखावेत. तोच क्रमांक डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. वजनाच्या रकान्याची बेरीज पाहिली की भाराचा अंदाज नजरेसमोर राहतो. ज्या वस्तूपुढे सलग तीन वर्षे खाली काढल्याची तारीख पडलेली नाही, ती वस्तू कोणाला उपयोगी पडेल याचा विचार करावा. पाळणा गरजू घरी जावा, पुस्तके वाचनालयात, जुनी भांडी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. आठवणीसाठी ठेवावयाची वस्तू असेल तर तिच्यापुढे तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढच्या पिढीला ती टाकाऊ वाटणार नाही.

जुनी ट्रंक उघडताना आणखी एक दक्षता घ्यावी. त्यातील बँकेचे पासबुक, ठेवीची पावती किंवा शेअरचे प्रमाणपत्र रद्दीत घालू नये. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात, पण त्यावरील हक्क संपत नाही. वारसाला तो बँकेमार्फत मागता येतो. अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ पासून उद्गम हे संकेतस्थळ उपलब्ध आहे. शेअरवर सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नसेल तर ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. तेथूनही वारसाला मागणी करता येते.

मात्र हे सारे तेव्हाच शक्य होते, जेव्हा ट्रंक कोठे आहे आणि तिच्यात काय आहे हे कोणीतरी लिहून ठेवलेले असते. घरातील वडीलधाऱ्यांच्या माघारी माळा उतरवताना मुले बहुधा घाईत असतात. सुट्टी दोन दिवसांची, सदनिका रिकामी करण्याची मुदत जवळ आलेली. अशा घाईत आईच्या हातचे रुखवत आणि टीव्हीचे रिकामे खोके एकाच टेम्पोत जातात. वहीचे एक पान त्या दोहोंतील फरक सांगू शकते.

म्हणून येत्या रविवारी, घरातील तरुण मंडळी हजर असताना, एक शिडी, एक वही आणि एक वजनकाटा घेऊन कामास लागावे. प्रथम रिकामी खोकी उतरवावीत, मग पुस्तके आणि भांडी. माळ्याची लादी हाताने पुसताना तडा लागतो का, ओल लागते का ते पाहावे. परत ठेवताना प्रत्येक वस्तूविषयी एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू कोणालाही इजा न होता पुन्हा खाली आणता येईल काय? ज्या वस्तूचे उत्तर होकारार्थी येईल, तिचा क्रमांक वहीत लिहून ती वर ठेवावी.